गेवराईत ऐकलेली हाक

प्रवासवर्णन लिहावे इतका प्रवास मी आयुष्यात केलेला नाही. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सहली निघत, त्यांत मी मुलांची हजेरी घेणारी बाई म्हणून जात असे, आणि सगळी मुले सुखरूप घरी पोचली की माझ्यापुरता प्रवास सुफळ होई. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात मी बीड जिल्ह्यात जाऊन आले, तेव्हा पुण्यातल्या शेजारणींनी विचारले, "तिकडे काय आहे पाहण्यासारखं?" जिन्यात उभ्या उभ्या मी जी उत्तरे दिली, ती मलाच अपुरी वाटली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जाण्याचे कारण सांगायला हवे. पन्नाशी उलटल्यावर मी संशोधनाच्या वाटेला लागले. ज्या गटात मला जागा मिळाली त्यात बहुतेकजण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे आहेत. गटाच्या प्रमुख डॉ. अनुजा तर खरोखरच माझ्या वर्गात बसत असत. त्या मला अजून 'मॅडम' म्हणतात आणि मी त्यांना 'डॉक्टर' म्हणते. दोघीही संकोचतो, पण माझा संकोच जुना आणि मुरलेला आहे.

आमचा गट हृदयात बसवायची दोन उपकरणे तयार करतो. दोन्ही औषधाच्या कॅप्सूलएवढी. काही माणसांच्या हृदयात वरच्या कप्प्याचा ठोका खालच्या कप्प्यापर्यंत पोचेनासा होतो, त्यांच्यासाठी ही जोडी आहे. एक उपकरण वरच्या कप्प्यात बसते, दुसरे खालच्या. वरचे प्रत्येक ठोक्याला खालच्याला कळवते की माझे झाले, आता तुझी पाळी. दोघांमध्ये तार नाही. रेडिओलहरीही नाहीत, कारण शरीर म्हणजे बव्हंशी खारे पाणी, आणि खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी पाहता पाहता विरून जातात. ध्वनीला मात्र पाणी मानवते. म्हणून सोनोग्राफीत वापरतात तसला, कानाला न ऐकू येणारा ध्वनी हा निरोप पोचवतो. खालच्या उपकरणाने तो कसा ओळखावा, एवढेच काम माझ्याकडे होते. सगळ्या गटात ऐकण्याचा भाग माझ्या वाट्याला आला, हे माझ्या स्वभावाला धरूनच झाले.

ज्या थोड्या रुग्णांनी स्वतःहून पुढे येऊन ही जोडी बसवून घेतली, त्यांत गेवराईचे बशीरभाई होते. घरी, बाजारात, मशिदीच्या पायऱ्यांवर त्यांचे उत्तम चालले होते. प्रश्न दुकानाचा होता. बशीरभाई पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने गुंडाळून देतात, आणि त्यांच्या दुकानात मोटारी, ड्रिल, वेल्डिंग यांचा एकच कल्लोळ असतो. अशा जागी उपकरणांचे बोलणे तुटणार नाही याची जागेवर जाऊन खात्री होत नाही, तोवर दुकानात पाय ठेवायचा नाही, असा त्यांच्या डॉक्टरांचा दंडक होता. दुकान कितीतरी दिवस बंद पडले होते. शेवटी बशीरभाईंनी तार गुंडाळायचे मशीन विकायला काढले, आणि शुक्रवारी गिऱ्हाईक ते न्यायला येणार होते. त्याआधी आमची तपासणी यशस्वी झाली तर मशीन राहणार होते, नाहीतर टेम्पोत चढणार होते.

गोदेच्या पुलावर

छत्रपती संभाजीनगरहून मला घेऊन निघाले ते बशीरभाईंचे डॉक्टर, अविनाश. वयाने तरुण, हृदयाचे तज्ज्ञ आणि गाव परळी तालुक्यातले धर्मापुरी. जुन्या दगडी देवळाच्या आवारात खेळून आपण मोठे झालो, असे त्यांनी सांगितले. शेतांत कोवळ्या कणसांची ज्वारी उभी होती. कापसाच्या शेवटच्या वेचणीला बायका रांगेने वाकल्या होत्या. शहागडला गोदावरीच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी काच खाली केली. नदी एका कडेला सरकून वाहत होती. बाकीच्या पात्रात वाळू आणि वाळूत खोल चर.

"मॅडम, आमच्याकडं वाळूवरनं जेवढी भांडणं होतात, तेवढी पाण्यावरनंसुद्धा होत नाहीत," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात वाळूने शिगोशिग भरलेला टिप्पर आम्हाला ओलांडून गेला आणि उघड्या काचेतून निम्मी गोदावरी माझ्या मांडीवर येऊन पडली.

पदर झटकण्यासाठी पिशवीतून रुमाल काढावा म्हणून हात घातला, तो कोपरापर्यंत थंड, बुळबुळीत असे काही लागले. उपकरणांचे बोलणे बाहेरून ऐकण्यासाठी छातीवर एक पट्टी चिकटवावी लागते, आणि पट्टीखाली सोनोग्राफीची जेली. त्या जेलीच्या बाटलीचे झाकण मी स्वतः, काळजीपूर्वक, अर्धेच लावले होते. पिशवीतली माझी शाल त्या रात्री गेवराईत धुतली गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळली नाही.

जेली नव्याने घ्यायला मी एकटीच औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझ्या पिकल्या केसांकडे पाहिले.

"सोनोग्राफीची जेली? कावून पायजे, ताई? सोनोग्राफी हितं होत न्हाई. दवाखान्यात जावं लागतंय."

मला प्रश्न विचारला गेला की मी नको तितके उत्तर देते. मी ध्वनीचा वेग, त्वचेवरचा हवेचा थर आणि त्याने होणारे परावर्तन हे सारे सांगितले. मागे गिऱ्हाइके जमली. दुकानदाराने निमूटपणे बाटली पुढे केली आणि पैसे घेताना आदराने म्हणाला, "लई शिकलेल्या दिसता."

बशीरभाईंच्या घरी सकाळी खिचडी आणि खट्टा वाढला गेला. माझ्या माहेरी खिचडी म्हणजे ताप उतरलेल्या माणसाचे जेवण. पाहुण्याला खिचडी वाढणे म्हणजे त्याला जा म्हणण्यासारखे. इथे ती मसुराची, हळदीने पिवळीधमक होती. सोबत तिळाचा, चिंचेचा पातळ खट्टा आणि तळलेला पापड. ही पाहुण्यांची न्याहारी. मी हा फरक बोलून दाखवला, तेव्हा बशीरभाईंच्या पत्नी नसीमभाभी म्हणाल्या, "मंग बरोबरच हाय की. पेशंट बी हितंच हाय आन् पाव्हनं बी हितंच. एकाच पातेल्यात दोगांचं भागलं."

बशीरभाई हसले. उंच, सडपातळ माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि डाव्या बाजूने बोललेले ऐकू येत नाही म्हणून मान किंचित वळवून बसण्याची सवय. दुकानातल्या आवाजाने तो कान गेला होता.

"ताई, ह्यांच्या छातीत दोन मशिनी बोलत्यात म्हनं," भाभींनी मला विचारले. "काय बोलत्यात?"

मी यावेळी थोडक्यात सांगितले. "वरचं म्हणतं, मी ठोका दिला, आता तू दे. मग खालचं देतं."

"म्हंजे आमच्या घरावानीच. मी म्हनायचं आन् ह्यांनी करायचं." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. "पर तितं खालचं ऐकतंय तरी!"

दुकान

शटर वर गेले तेव्हा आत वार्निशचा उग्र वास कोंडलेला होता. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळे, जमिनीवर पंपांच्या मोटारी, आणि मधोमध ते हिरव्या रंगाचे मशीन. नसीमभाभींनी पदराने त्याच्यावरची धूळ पुसली.

डॉक्टरांनी बशीरभाईंना दाराशी खुर्चीवर बसवले आणि छातीवर पट्टी लावली. माझ्या संगणकाच्या पडद्यावर ठिपके उमटू लागले. निरोप पोचला की हिरवा, हुकला की लाल. निरोप हुकला तरी जिवाला धोका नसतो. खालचे उपकरण आपल्या मनाने, बेतशीर गतीने ठोके देत राहते. फक्त वरच्या-खालच्याचा मेळ सुटतो आणि माणूस जिना चढताना दमतो. मात्र कामाच्या जागी असा मेळ सुटताना दिसला तर परवानगी नाही, हे आधीच ठरलेले होते.

एकेक यंत्र चालू करायचे आणि बशीरभाईंनी थोडेथोडे जवळ यायचे, असा क्रम होता. प्रथम तार गुंडाळायचे मशीन. हिरवे. मग एक मोटार, मग दोन. हिरवे. ड्रिल सुरू झाले, दिव्यांचा उजेड मिणमिणला, ठिपके हिरवेच राहिले. शेजारच्या गॅरेजवाल्याला डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या अंतरावर वेल्डिंग करायला सांगितले. ठिणग्या उडाल्या, आणि दारात जमलेल्या गर्दीने पडद्याकडे पाहत "हिरवं! हिरवं!" असा पुकारा केला. विजेचा गोंधळ ध्वनीच्या निरोपाला शिवत नाही, हे आम्ही कागदावर सिद्ध केले होते. पण गेवराईत, वार्निशच्या वासात ते डोळ्यांनी पाहताना मला भरून आले.

"झालं, बशीरभाई," डॉक्टर म्हणाले. "आता फक्त नेहमीसारखं थोडं काम करून दाखवा."

बशीरभाई फिरत्या मोटारीपाशी गेले. इतक्या दिवसांनी ते तिच्याजवळ जात होते, आणि त्यांचे हात त्यांना न विचारताच कामाला लागले. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याचे टोक मोटारीच्या बेरिंगवर टेकवले आणि मूठ आपल्या छातीच्या मधल्या हाडावर दाबून डोळे मिटले.

पडदा लाल झाला.

"बंद करा! सगळं बंद!" डॉक्टर ओरडले. मोटार थांबली, बशीरभाईंनी दचकून हात खाली घेतला, आणि क्षणार्धात ठिपके पुन्हा हिरवे झाले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती ऐकली. सारे ठीक होते. बशीरभाईंना तर काहीच जाणवले नव्हते.

"हे काय करत होता तुम्ही?"

"बेरिंग ऐकत हुतो. दुसरे मिस्त्री पेचकस कानाला लावत्यात. माजा कान गेलाय, म्हून मी हाडाला लावतो. बेरिंग कोरडं पडलं आसंल तर छातीत खरखर कळती."

"ते लावायचं नाही. बास."

"न्हाई लावनार," बशीरभाई हळूच म्हणाले. पण डॉक्टरांनी मान हलवली. "आज नाही लावणार. उद्या हात आपोआप जाईल. आत्ता गेलाच ना?"

बशीरभाईंनी स्क्रू ड्रायव्हर ठेवून दिला. "डॉक्टरसाब, बेरिंग ऐकल्याबगर मोटार गिऱ्हाइकाला द्यायची कशी? नुसती तार तर कुनीबी गुंडाळतंय."

डॉक्टर तरीही ढळले नाहीत. त्यांनी परवानगी नाकारली, आणि त्यांच्या जागी मी असते तरी तेच केले असते. भाभींनी कुणाकडे न पाहता शटर खाली ओढले. ते अर्ध्यावर अडकले. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून ते जमिनीला टेकवले.

मी रस्त्याकडेच्या बाकावर बसून पडद्यावरची नोंद पुन्हा पुन्हा पाहत होते. आम्ही विजेच्या गोंधळाची तयारी करून आलो होतो आणि गोंधळ आला होता तो ध्वनीचाच. कोरड्या बेरिंगची सूक्ष्म करकर, कानाला ऐकू येते त्याच्या कितीतरी पट वरच्या सुराची, पोलादातून थेट हाडात आणि हाडातून हृदयात उतरली होती. त्या गलक्यात खालच्या उपकरणाला वरच्याची हाक ओळखू आली नव्हती. कारण मला स्पष्ट दिसत होते. उपायही ठाऊक होता. फक्त तो बोलून दाखवायचा होता, आणि नेमके तिथेच माझे आजवर अडत आले आहे.

शिरूर कासारची विहीर

दुपारी डॉक्टरांना शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर दुसरा रुग्ण पाहायचा होता. बशीरभाई म्हणाले, ते आपले आजोळ; घरी बसून तरी काय करायचे? तेही आमच्या बरोबर आले. गेवराई सोडल्यावर जमीन उघडी आणि खडकाळ होत जाते. वस्तीवर बहुतेक दारांना कुलपे होती. माणसे ऊसतोडीला गेलेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या ओसऱ्यांवर बसून साऱ्या वस्तीच्या कोंबड्यांवर लक्ष ठेवत होत्या. आमच्याकडे कुलूपबंद घर दिसले की परदेशी गेलेल्या मुलांची आठवण काढतात. इथे सगळे गावच असे बाहेरगावी जाते आणि पाडव्याच्या सुमारास परत येते.

डॉक्टर रुग्णाकडे गेले. एका म्हातारीने आम्हाला शेताच्या कडेला बसवून गोवरीच्या आगीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे हातावर चोळून दिली. गरम, हिरवा, दुधाळ हुरडा, वर तिखट शेंगदाण्याची चटणी. खाता खाता बशीरभाई पलीकडच्या विहिरीकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याच हिरीत पोहायला शिकलो मी, ताई. तवा तुमच्या ह्या मशिनीचा खेळ आमी खेळायचो."

"कोणता खेळ?"

"चार-पाच पोरं हातात दोन दोन दगड घिऊन बुडायची. पान्यात दगडावर दगड मारला की पार पलीकडं बुडलेल्या पोराच्या कानापाशीच वाजल्यावानी हुतंय. एक जन वाजवनार, दुसऱ्यानं ऐकून वर यायचं. पर बाकीची टवाळ पोरं मदीच वाजवायची, गलका करायला. कुनाचा आवाज कोनचा, कळंना."

"मग?"

"मंग आमी ताल वाटून घेतलं." त्यांनी हुरड्याची रिकामी कणसे एकमेकांवर आपटली. दोन झटपट, जरासा थांबा, मग एक. "ह्यो माजा. मामाच्या पोराला ठावं. मंग कितीबी गलका करा, आपला ताल आपल्याला घावतो."

ऐकता ऐकता माझा घास हातातच राहिला. "बशीरभाई," मी म्हणाले, "मी हेच लिहिलंय."

मग मी त्यांना सांगितले. आमच्या निरोपाची दोन रूपे आहेत. एक साधे, म्हणजे एकच ठोका. तेच सध्या चालू होते. दुसरे तालाचे, चार-पाच बारीक ठोके, ठरावीक अंतराने. ते ओळखण्याची रीत मी लिहिली होती, प्रयोगशाळेत तपासलीही गेली होती, आणि ती बशीरभाईंच्या उपकरणांत आधीपासून होती, पण बंद. तालाला बॅटरी थोडी अधिक लागते, तेव्हा गरज पडली तरच ती चालू करावी, असे बैठकीत ठरले होते. मंजूर झालेल्या योजनेतही तसेच नमूद होते.

बशीरभाई माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे माज्या छातीत ताल हाय, आन् बंद ठिवलाय?"

"हो."

"मंग लावा की चालू!"

"ते माझ्या हातात नाही. गटाच्या प्रमुखांना विचारावं लागेल."

"इचारा मंग! कावून थांबला?"

कावून म्हणजे का; त्याचे कारण फोनच होता. फोनवर बोलणे मला नेहमीच जड जाते. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की मी वाक्ये अर्धी सोडते. पण समोर विहीर होती, आणि ज्याच्या छातीचा प्रश्न होता तो माणूस हातातली रिकामी कणसे तशीच धरून माझ्याकडे पाहत होता. शुक्रवार उद्यावर आला होता.

मी फोन लावला.

"बोला मॅडम," अनुजा म्हणाल्या. "काही विचारायचं होतं?"

"नाही, डॉक्टर. सांगायचं आहे." आणि मी सांगितले. लाल ठिपके कधी उमटले, बेरिंगचा ध्वनी कोणत्या वाटेने आत गेला, साधा निरोप त्यात का बुडाला आणि तालाचा का बुडणार नाही. बॅटरीचा खर्च किती वाढेल तेही सांगितले, आणि हा माणूस आपल्या धंद्यावर परत जाणार असेल तर तो खर्च मला रास्त वाटतो, हेही. एकही वाक्य अर्धे राहिले नाही.

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"मॅडम," अनुजा म्हणाल्या, "बैठकीत तुम्ही एवढं सलग कधी बोलला नाहीत."

"बैठकीत हुरडा नसतो," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसे निघाले ते मला आजही कळलेले नाही. अनुजा मोठ्याने हसल्या, मग त्यांनी डॉक्टर अविनाशांना फोनवर बोलावले. ते आल्यावर दोघांचे बराच वेळ बोलणे झाले. ठरले ते असे: ताल आज संध्याकाळी बाहेरूनच, संगणकावरून चालू करायचा, रात्रभर नोंद घ्यायची, सकाळी डॉक्टरांनी ती तपासायची, आणि समाधान झाले तरच दुकानात पुन्हा तीच परीक्षा, डॉक्टर शेजारी असताना.

म्हातारीने निघताना माझ्या ओल्या शालीत बांधून उरलेला हुरडा दिला. शाल अजून जेलीने चिकट होती. हुरड्याला तिची किंचितही चव लागली नाही, असे मी म्हणू शकत नाही.

शुक्रवार

रात्रीची नोंद सगळी हिरवी होती. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली, आणि आम्ही दुकान उघडले. तेवढ्यात दाराशी टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून पांढरेशुभ्र कपडे घातलेले, धिप्पाड आबासाहेब उतरले. जवळच्या गावचे मोठे बागायतदार, बशीरभाईंचे शाळासोबती, आणि मशीनचे गिऱ्हाईक. आपल्या मेव्हण्याला बीडमध्ये असेच दुकान काढून द्यायचा त्यांचा बेत होता.

"काय बे बशीर," बशीरभाईंच्या छातीवरची पट्टी आणि तारा पाहून ते म्हणाले, "छातीवर टीव्ही लावलास का काय?"

"लावलाय. पिक्चर चालू हुनार हाय. बस गप."

आबासाहेब बाकावर बसले. सारी यंत्रे सुरू झाली. मोटारी, ड्रिल, पलीकडे वेल्डिंग. ठिपके हिरवे. मग डॉक्टरांनी बशीरभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि बशीरभाईंनी, यावेळी स्वतः निवडून, दुकानातली सगळ्यात खराब मोटार चालू केली. तिचे बेरिंग मलाही ऐकू येत होते, दगडी जात्यात खडे पडल्यासारखे. नसीमभाभी माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला होता हे मला नंतर वळ पाहून कळले.

स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेरिंगवर टेकले. मूठ छातीच्या हाडावर.

हिरवा. पुन्हा हिरवा. हिरवा.

"दाबा," डॉक्टर म्हणाले. बशीरभाईंनी मूठ घट्ट दाबली. हिरवा. डॉक्टरांनी त्यांना वाकायला लावले, वजन उचलायला लावले, टोक दुसऱ्या बेरिंगवर ठेवायला लावले. आत तो सगळा पोलादी गलका उतरत होता, आणि त्या गलक्यात प्रत्येक ठोक्याला वरचा कप्पा आपल्या तालात हाक देत होता, आणि खालचा ओ देत होता. एकही ठिपका लाल झाला नाही.

"ऐकू येतंय का काही, बशीरभाई?" डॉक्टरांनी विचारले.

बशीरभाईंचे डोळे मिटलेले होते. "येतंय की. बेरिंग पार गेलंय. बदलाया लागंल."

मग कोण काय बोलले ते मला नीट सांगता येणार नाही. गॅरेजवाल्याने शिट्टी मारली. डॉक्टर अविनाश, जे काल इतके कठोर होते, ते भर रस्त्यावर "मॅडम! मॅडम!" असे ओरडत दोन्ही हात वर करून फिरले. नसीमभाभी मशीनवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि रडता रडता मला म्हणाल्या, "तुमाला आज खिचडी न्हाई. आज बिर्याणी." मी फोन काढून अनुजांना नुसते "हिरवं" एवढेच सांगितले. त्यापुढे त्याच बोलत राहिल्या आणि मी, माझ्या सवयीप्रमाणे, ऐकत राहिले.

बशीरभाईंनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तुमी बी ऐका, ताई. कान चांगला हाय न्हवं तुमचा?" पण मी तो कानाला लावला नाही. एक चांगली मोटार चालू होती, तिच्या बेरिंगवर टोक ठेवून मी मूठ छातीच्या हाडाला टेकवली. आत एक अखंड, गुळगुळीत घरघर उतरली, मांजर मांडीवर येऊन बसावे तशी. इतकी वर्षे मी मुलांना ध्वनी शिकवला. तो असा अंगात घेतला नव्हता.

डॉक्टरांनी परवानगीच्या अटी समजावून दिल्या: वेल्डिंगपासून सांगितलेले अंतर, ठरलेल्या वेळी तपासणी, आणि दम लागला तर लगेच फोन. बशीरभाईंनी प्रत्येक अटीला मान डोलावली. एवढा वेळ गप्प बसलेले आबासाहेब मग उठले.

"पिक्चर चांगला हुता. आता माजं मशीन?"

"तुजं कवा झालं?"

"बे, सौदा ठरलाय आपला!"

"दुकान बंद ऱ्हायलं तर, आसं ठरलं हुतं. दुकान चालू हाय. डोळं फुटलं का?"

आबासाहेबांनी मशीनकडे पाहिले, नसीमभाभींकडे पाहिले आणि हसायला लागले. "मेव्हण्याला काय सांगू? टेम्पो रिकामा न्यायचा व्हय?"

बशीरभाई टेम्पोच्या मागे गेले आणि त्यांनी ताडपत्री उचलली. आत कोपऱ्यात एक पंपाची मोटार पडली होती. जळून काळी झालेली. आबासाहेबांची नजर खाली गेली.

"ही कुणीकडं चालवलीस?"

"बीडला. तू आजारी हुतास म्हून, दुसऱ्या मिस्त्रीकडं..."

"उतरव."

"बशीर, आरं आज तर डॉक्टरांनी..."

"उतरव म्हनलं न्हवं!"

आबासाहेबांनी आणि गॅरेजवाल्याने मोटार उतरवून दुकानात ठेवली. गर्दी पांगू लागली. आम्हाला निघायचे होते. दुपारची नमाज झाल्यावर जेवूनच जा, असा भाभींचा हुकूम निघाला, तो अर्थातच पाळावा लागला. बिर्याणीबद्दल मी वेगळे लिहीत नाही. एवढेच सांगते की आमच्या घरी सणाला जे करतात, ते त्यापुढे खिचडीच म्हणावे लागेल.

गाडीत बसताना आम्ही दुकानाकडे हात हलवला. बशीरभाईंचे लक्ष नव्हते. जळक्या मोटारीचे झाकण उघडून ते आत डोके घालून बसले होते, आणि आबासाहेब शेजारी उकिडवे बसून आपली मोटार कवा मिळंल ते विचारत होते. मशीन न्यायला आलेला टेम्पो आमच्या पुढेच निघाला. येताना त्यात निदान एक मोटार तरी होती.